विल्सन : एका नावाची कुळकथा

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील धर्मग्रामांत विल्सन, नेल्सन ही नावे आता परकी वाटत नाहीत. बालकाला बाप्तिस्म्यासाठी आणणारे आईवडील मात्र कधी कधी चाचरत विचारतात, "फादर, विल्सन नावाचा संत आहे का?"

विल्सन हे मुळात आडनाव. 'विल' हे विल्यमचे लाडके रूप आणि 'सन' म्हणजे पुत्र; विल्यमचा लेक तो विल्सन. विल्यम हे जर्मन कुळातील जुने नाव 'इच्छा' आणि 'शिरस्त्राण' या अर्थांच्या दोन शब्दांपासून घडले. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि हे नाव तेथे घरोघरी पोहोचले. पुढे एकाच गावात अनेक जॉन आणि अनेक टॉमस झाले, तेव्हा 'अमक्याचा पुत्र' अशी ओळख सांगावी लागली. तीच कुळाला चिकटली. आडनावच मुलाचे नाव म्हणून ठेवण्याची रीत त्यानंतरची. पुष्कळदा आईच्या माहेरचे कुळनाव जपण्यासाठी तसे करीत. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे 'विल्सन पीटर' असे लिहिताच मुलगा विल्यमचाही लेक ठरतो आणि पीटरचाही!

विल्यम नावाचे संत मात्र अनेक आहेत. यॉर्कचे आर्चबिशप संत विल्यम ८ जून ११५४ रोजी निवर्तले. शिवाय आडनावाचे नाव झाल्याचे उदाहरण आपल्या घरांतच आहे. झेवियर हे संत फ्रान्सिस यांच्या नवार प्रांतातील वाड्याचे नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर'.

लॅटिन ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मसंहितेने (कलम ७६१) बालकाला ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली होती. पालक ऐकत नसतील तर एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे तिचे सांगणे होते. १९८३ च्या संहितेतील कलम ८५५ एवढेच म्हणते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. मराठी किंवा गोंडी नावाला तेथे मज्जाव नाही. तरीही विल्सन म्हटले की ख्रिस्ती, आणि आजोबांचे माडिया नाव ठेवले की श्रद्धा कच्ची, असा समज आपल्यात आहे. मला तो मुळीच मान्य नाही. इंग्रजी म्हणजे ख्रिस्ती, हे समीकरण कोणत्याही संहितेत सापडत नाही.

चांदा शहराचे १९६४ साली चंद्रपूर झाले. येथे १९६२ साली स्थापन झालेले सिरो-मलबार धर्मक्षेत्र १९७७ साली धर्मप्रांत झाले, ते मात्र चांदा हेच जुने नाव राखून.

विल्सन नाव घेऊन येणाऱ्यांना मी ८ जूनचा सण सांगतो. आजोबांचे नाव घेऊन येणाऱ्यांना आजोबांविषयी विचारतो. मग नोंदवही उघडायला बराच उशीर होतो.