जुने म्हणजे गुणकारी?

जखमेवर लावतात त्या मलमाचे नाव मुळात अरबी ‘मरहम’. उदगीरकरांना याचे नवल वाटू नये. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि निजामी राज्यात युनानी हकिमीला राजाश्रय होता. पण शब्दच कशाला, झाडपालाही परका निघतो. खरचटल्यावर ज्याचा रस पिळतात तो दगडीपाला मूळ मध्य अमेरिकेतला, भाजल्यावर जिचा गर लावतात ती कोरफड अरबस्तानातली. ‘ऋषिमुनींपासून चालत आलेला’ म्हणून सांगितला जाणारा दगडीपाला सुश्रुताला ठाऊक असणे शक्यच नव्हते. यात कमीपणा काही नाही. बांधावर उगवलेले नवखे तण जखमेवर लावून पाहणारी नजर चिकित्सकच म्हणायची. मात्र औषध जुने आहे म्हणून गुणकारी, हा युक्तिवाद इथेच ढासळतो.

यावर हळदीचा दाखला हमखास पुढे येतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. अभिमान वाटावा असेच हे यश. पण त्या निकालाने ठरले ते एवढेच, की ही कल्पना नवी नाही. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच. जुनेपणा सिद्ध झाला, गुण नव्हे. आपण मात्र दोन्ही एकाच दमात जिंकल्यासारखे बोलतो.

गुण कसा सिद्ध होतो हे मधाने दाखवले, तेही शेजारच्या सोलापुरात. व्रणावर मध-तूप सुश्रुतसंहितेत आहेच. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मधाची परीक्षा घेतली, निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित औषध लावून. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले: सात दिवसांत मधाने ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. इतकी तफावत पाहून शंका यावी, हे रास्तच. म्हणूनच पुढच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा महत्त्वाचा. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या अशा आढाव्यात मधाची बाजू वरवरच्या भाजण्यापुरती भक्कम ठरली, इतर बऱ्याच जखमांबाबत पुरावा तोकडा पडला.

इतके तपासत बसायचे तर आजीबाईचा बटवा उघडायचाच नाही का, असे कुणी विचारील. उघडावा, पण पारखून. त्याच बटव्यात बिब्बाही असे, आणि तो उतला की कातडीवर फोड येतात हे आजीला पक्के माहीत होते. मधाचेही तसेच. रुग्णालयात जखमेवर लावायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो; घरातल्या बरणीतला तसा नसतो.