ताळमेळापासून फेरफारापर्यंत : महाराष्ट्रातील प्रणाली-आराखड्याचे शिक्षण

महाराष्ट्रात संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण संशोधनसंस्थांच्या आश्रयाने सुरू झाले; व्यवहारातील अडचण समजून घेऊन तिच्यासाठी प्रणालीचा आराखडा आखण्याची विद्या मात्र हिशेबाच्या कागदांतून घडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकापुढे मुख्यतः वैज्ञानिक गणिते असत आणि आपल्याला काय काढायचे आहे, हे ती मांडणाऱ्याला नेमके ठाऊक असे. बँकेकडून किंवा कचेरीकडून येणारा प्रश्न मात्र बहुधा अर्धवट सांगितलेलाच येतो.

1968 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आरंभीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या आंतरशाखा ताळमेळाचे काम होते. आंतरशाखा ताळमेळ म्हणजे एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेल्या रकमेच्या दोन्हीकडच्या नोंदी एकत्र आणून जुळवणे. बीड जिल्ह्यातील कड्यासारख्या बाजारपेठेच्या गावातील व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीच्या नावे ड्राफ्ट काढला असे धरले, तर काढणाऱ्या शाखेची एक नोंद आणि पैसे देणाऱ्या शाखेची दुसरी, अशा दोन नोंदी जुळाव्या लागत; त्यांपैकी एक टपालात अडकली, रकमेतील दोन आकड्यांची अदलाबदल झाली किंवा ड्राफ्ट वटवायला कोणी आलेच नाही, तर ती रक्कम लोंबकळत राही. जुळणाऱ्या नोंदींची जोडी लावणारी आज्ञावली नवशिक्यालाही लिहिता येते, परंतु न जुळणाऱ्या नोंदींची वासलात कशी लावायची, हे ते काम वर्षानुवर्षे करणाऱ्या कारकुनालाच माहीत असते, आणि आराखड्याचे खरे कसब तेथेच पणाला लागते.

1969 मध्ये या कंपनीची सूत्रे हाती घेणारे फकीरचंद कोहली हे मूळचे विद्युत अभियंता होते. टाटांच्या वीजकंपनीत वीजनिर्मिती, वहन आणि मागणी यांचा एकत्र विचार करण्याची त्यांना सवय झालेली असल्याने, सुटा भाग न पाहता संपूर्ण व्यवस्था पाहण्याची दृष्टी त्यांनी संगणकाच्या क्षेत्रात आणली. हे त्यांचे योगदान कंपनीच्या उलाढालीपेक्षा मोठे मानावे लागते. त्यांच्याच पुढाकाराने 1981 मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास व आराखडा केंद्र उभे राहिले, आणि त्याच्या नावातच आराखड्याला स्थान मिळाले. तेथे काम केलेले केशव नोरी यांचा त्यापूर्वी झुरिचमध्ये ‘पास्कल’ या संगणकभाषेच्या भाषांतरकावरील, म्हणजे त्या भाषेतील मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात आणणाऱ्या आज्ञावलीवरील, कामात सहभाग होता.

त्याच सुमारास ‘रचनाबद्ध विश्लेषण’ ही पद्धत जगभर रूढ होत होती. टॉम डीमार्को यांच्या 1978 च्या ग्रंथाने प्रसृत केलेल्या या पद्धतीत माहिती कोठून येते, कोणत्या टप्प्यावर तिचे रूप बदलते आणि ती कोठे साठते, हे आधी आकृतीत मांडून ज्याचे काम आहे त्याच्याकडून तपासून घेतले जाते. अनुभवी आज्ञावलीकाराला हा उलटा क्रम जड जातो, कारण प्रश्न कानावर पडताच त्याचा हात उत्तराकडे वळतो.

पुढे 1993 पासून पुण्याच्या सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने आणि असंख्य खासगी वर्गांनी मनुष्यबळ तयार केले. मात्र परदेशी कामांसाठी मागणी संगणकभाषांच्या ज्ञानाला असल्याने वर्गांचा भरही तिकडेच राहिला.

आराखड्याची कसोटी राज्याच्या भूमी अभिलेखांत अधिक कठोर झाली. ‘फेरफार’ म्हणजे जमिनीवरील हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ती गाव नमुना 6 मध्ये घेतल्यावर संबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी 15 दिवस द्यावे लागतात, हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे 6-अ मध्ये जाते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. ‘ई-फेरफार’ या प्रणालीत ही मुदत केवळ तारखेचा रकाना मानून चालणार नव्हते, कारण तिच्यावर वारसाचा आणि सहहिस्सेदाराचा हक्क अवलंबून असतो. हस्तलिखित उताऱ्यांतील मजकूर संगणकात उतरताना चुका शिरल्याने 2017 मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवायचा, खातेदारांनी आपले नाव, क्षेत्र आणि इतर हक्क तपासायचे आणि त्यांच्या आक्षेपांनुसार नोंदी दुरुस्त करायच्या, असा तिचा क्रम होता.