ओचा सुरू!

आमचा क्लायंट जपानी. कॉल लांबला की त्यांच्यातलंच कुणीतरी हळूच म्हणतं, "ओचा सुरू?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, गडी मराठी शिकला की काय! 'ओचा' म्हणजे चहा, 'सुरू' म्हणजे करणे. थोडक्यात आपलं 'चल, चहा मारू'. दुपारच्या खाऊला त्यांचा शब्द 'ओयात्सु', जुन्या जपानी वेळेतल्या 'आठव्या' ठोक्यावरून, म्हणजे साधारण दुपारी दोन-तीन. आपला तिसरा प्रहरच म्हणा ना.

पण मंडळी, हा ब्रेक कुणी आपणहून दिलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी मागितली, ते आपल्याला माहीत असतं. त्याच अर्जात दुपारी अर्धा तास विश्रांतीही मागितली होती. फक्त अर्धा तास! तो कायद्यात यायला १८९१ उजाडलं.

आणि तोही कारखान्याच्या गेटच्या आत. माझ्या केजहून दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी टनावर. खाडा पडला तर उलट मुकादमच दंड लावतो. गेटच्या आत मधली सुट्टी, बाहेर फडात काही नाही.

मागे गावी ओळखीच्या एका मावशींना सहज विचारलं, "फडात चहा कधी घेता?"

"गाडी भरली की."

"आणि गाडी कधी भरते?"

मावशी नुसत्या हसल्या.