लोखंडाची पारख

आमच्याकडचे जुने शेतकरी बाजारात कुऱ्हाड घ्यायला गेले की भाव सगळ्यात शेवटी विचारत. आजोबा सांगत, आधी पातं डोळ्यासमोर आडवं धरून धार सरळ आहे का बघायची. मग ते बोटांत सैल धरून दगडाने हलकंच वाजवायचं. खणखणीत वाजलं तर लोखंड अखंड. बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर. विळ्याची धार अंगठ्याच्या नखावर टेकवायची. रुतली तर घ्यायचा, घसरली तर खाली ठेवायचा.

लोहार पातं घडवी तेव्हाही आजोबा शेजारी बसून राहत. भात्याची जागा मुद्दाम अंधारी असे, कारण तापल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. लोहार लालबुंद पात्याची फक्त धार पाण्यात बुडवी, लगेच ती दगडावर घासून चकचकीत करी आणि बघत राही. मागच्या भागातली उष्णता धारेकडे उतरू लागली की तिच्यावर रंग चढत: आधी गवती पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा. पिवळा सुमारे २३० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. निळ्यापर्यंत थांबलं तर धार मऊ पडते; पिवळ्याच्या आधीच विझवलं तर दगडावर तिचा टवका उडतो. एवढं सगळं तो नुसत्या नजरेने साधत असे.

पारखच ठाऊक नसली की मात्र लोक बिचकत. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, अशी भीती लोकांत होती. सुरुवातीला नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या अडाणीपणाची म्हणून सांगतात, ते आजोबांना मुळीच पटत नसे. लाकडी नांगराचं खोड, वजन, फाळ सगळ्यांच्या ओळखीचं. मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. या नव्या नांगराची परीक्षा करायची कशी, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे त्याने काळ्या रानातली हरळी आणि कुंदा मुळासकट उलथून टाकलेला लोकांनी पाहिला, उलटलेलं ढेकूळ हातात घेतलं, तेव्हा विषाची भीती मागे पडली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हे नांगर तिथे होऊ लागले.

आज विळा प्लास्टिकच्या वेष्टनात येतो. तो वाजवून बघता येत नाही, नखावर टेकवता येत नाही. म्हणून शेतकी शाळांत अवजारांच्या तासाला मुलांच्या हाती एक चांगलं पातं आणि एक चिरलेलं पातं द्यावं, दोन्ही वाजवून बघायला सांगावं. ज्याला हा फरक ऐकू येतो, त्याला दुकानात कुणी सहज फसवू शकत नाही.