एका हस्तलिखिताचा वाद व लेसिंगचें 'नाथान' नाटक

जर्मन प्रबोधनकालांतील एका श्रेष्ठ नाटकाचें मूळ रंगभूमीवर नसून ग्रंथसंग्रहालयांत आहे, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

हांबुर्ग येथील राष्ट्रीय नाट्यगृह १७६७ त उघडलें व दोन वर्षांतच बंद पडलें. तेथील नाट्यसमीक्षक गोट्होल्ड एफ्राइम लेसिंग (१७२९–१७८१) हा १७७० त वोल्फेनब्युटेल येथील ड्यूकच्या ग्रंथसंग्रहाचा ग्रंथपाल झाला. संग्रहांतील दुर्मिळ लेख प्रसिद्ध करतां यावेत म्हणून १७७२ त त्यास मुद्रणपूर्व सरकारी तपासणींतून सूट मिळाली.

हांबुर्गचा प्राच्यभाषापंडित हेर्मान सामुएल रायमारुस १७६८ त वारला. बायबलाची बुद्धिवादी चिकित्सा करणारा त्याचा अप्रकाशित ग्रंथ लेसिंगला त्याच्या कुटुंबाकडून मिळाला होता. त्यांतील उतारे लेसिंगनें १७७४ ते १७७८ या काळांत छापले. मात्र ते वोल्फेनब्युटेलच्या संग्रहांत सांपडलेले, अज्ञात लेखकाचे आहेत असें सांगितलें. हांबुर्गचा धर्मोपदेशक ग्योत्से यानें त्यावर हल्ला चढविला. लेसिंगनें अकरा पत्रकांनीं उत्तर दिलें. अखेर १७७८ च्या जुलैंत त्याची सवलत काढून घेण्यांत आली.

वादाचा मार्ग असा खुंटतांच लेसिंग आपल्या जुन्या व्यासपीठाकडे, म्हणजे नाटकाकडे वळला. १७७९ त 'ज्ञानी नाथान' हें पंचांकी पद्यनाटक प्रसिद्ध झालें. स्थळ जेरुसलेम, काळ सुलतान सलादिनाचा. खरा धर्म कोणता, असें सुलतान विचारतो, तेव्हां यहुदी व्यापारी नाथान तीन अंगठ्यांची कथा सांगतो. ती कथा बोकाच्चिओच्या 'देकामेरोन' मध्यें आहे. पित्यानें तीन पुत्रांस दिलेल्या सारख्याच अंगठ्यांपैकीं अस्सल कोणती, तें कोणासच सिद्ध करतां येत नाहीं. लेसिंगचा न्यायाधीश म्हणतो कीं, ज्यानें त्यानें आपल्या आचरणानेंच आपल्या अंगठीचा गुण प्रकट करावा. १४ एप्रिल १७८३ रोजीं बर्लिन येथें नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हां कर्ता हयात नव्हता.

रायमारुसचें नांव त्याच्या पुत्राकडून १८१४ च्या सुमारास उघड झालें. समग्र ग्रंथ तर १९७२ त छापला गेला. लेसिंगनें सांगितलेलें प्राप्तिस्थान खोटें होतें, परंतु तें एका कुटुंबाच्या रक्षणार्थ होतें. म्हणून पोथी कोठें सांपडली एवढें वाचून संशोधकानें थांबूं नये. तें स्थान सांगणारास कोणाचें भय होतें, हेंही शोधावें.