खिळ्यामागचा हात

आमच्या संग्रहीं निर्णयसागराच्या 'काव्यमाले'चा एक जुना भाग आहे. पानें पिवळीं पडलीं, तरी जोडाक्षरें अद्यापि स्पष्ट आहेत. ग्रंथ वाचतांना आपण कवीची प्रतिभा वाखाणतों. परंतु तीं अक्षरें कोणीं घडविलीं, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं.

निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–१८९२) हे लहानपणींच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. शाळेंतील विद्या त्यांस फारशी लाभली नाहीं. तथापि खिळ्याचे गुणदोष ओळखणारी दृष्टि लाभली. १८६९ मध्यें त्यांनीं स्वतःचा छापखाना काढला. अक्षरांचे ठसे कोरण्यांत निष्णात असलेले राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी होते.

पोलादाच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, आणि साच्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा, असें हें काम होतें. काना, मात्रा व जोडाक्षरें यांमुळें देवनागरीस शेंकडों ठसे लागत. आणि एका ठशांतील दोष त्यापासून पडणाऱ्या प्रत्येक खिळ्यांत उतरे.

आमच्या मतें कल्पना सुचणें हें निर्मितीचें अर्धेंच काम होय. उरलेलें अर्धें, बिघडलेला ठसा टाकून पुन्हां नवा कोरावयास बसणाऱ्या हाताचें आहे. आज अक्षरें संगणकावर रेखाटलीं जातात. परंतु रेखाटणाराचें नांव ग्रंथावर अजूनही क्वचितच आढळतें. वाचकांनीं तें एकदां तरी शोधून पाहावें.