बॅकस्लॅशचे कूळ आणि मॅन पेजांमधली चूक

युनिक्सच्या मॅन पेजात, म्हणजे आज्ञेच्या माहितीपानात, एक साधे उदाहरण द्यायचे आहे: इको "आई म्हणाली, \"ये\"". लेखक ही ओळ मूळ फाइलीत जशीच्या तशी लिहितो. वाचकाच्या स्क्रीनवर मात्र इको "आई म्हणाली, एवढेच उमटते आणि पुढचे सगळे गायब होते. उदाहरण शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बरोबर होते, तरी पानावर चुकले. असे गळालेले बॅकस्लॅश शोधून जागेवर बसवण्याचे काम युनिक्सच्या जगात सतत चालू असते. ते का करावे लागते, हे कळण्यासाठी या उलट्या तिरक्या रेघेच्या कुळात शिरावे लागते.

ही रेघ संगणकाच्या आस्की संकेतावलीत आली ती आयबीएमच्या बॉब बीमर यांच्यामुळे. 1961 साली त्यांनी तिची शिफारस केली. अल्गोल या भाषेत 'आणि' व 'किंवा' यांसाठी दोन तर्कचिन्हे लागत. सरळ तिरकी रेघ आधीच होती. तिला उलटी जोडीदार मिळाली की /\ आणि \/ अशी दोन्ही चिन्हे जुळवता येणार होती. 1963 साली आस्की प्रसिद्ध झाली आणि बॅकस्लॅशला 92 हा क्रमांक मिळाला. 'पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ घेऊ नका' असे सांगणारे एस्केप हे वेगळे चिन्हही बीमर यांनीच सुचवले होते. त्याचा क्रमांक 27. पुढे प्रोग्रॅमरांच्या रोजच्या लिखाणात एस्केपचे काम बॅकस्लॅशच्याच अंगावर पडले.

1969 पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकार घेऊ लागले, तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र होते. छापलेले अक्षर पुसता येत नसे. म्हणून # टाइप केले की आधीचे अक्षर रद्द व्हायचे आणि @ टाइप केले की अख्खी ओळ. खरोखरचे # हवे असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत नव्या ओळीची खूण *एन अशी होती. डेनिस रिची यांच्या सी भाषेत ती \एन झाली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' वाचून सी शिकलेल्या आपल्याकडच्या हजारो विद्यार्थ्यांच्या बोटांत बसली ती हीच खूण.

शेलनेही बॅकस्लॅश घेतला, पण स्वतःच्या नियमांनी. एकेरी अवतरणात तो निव्वळ एक अक्षर असतो. दुहेरी अवतरणात तो $, `, ", दुसरा बॅकस्लॅश आणि ओळीचा शेवट एवढ्यांपुढेच काम करतो. इथवर गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खरी गुंतागुंत झाली ती मॅन पेज छापणाऱ्या रॉफ कुटुंबामुळे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जो ओसाना यांनी एनरॉफ आणि ट्रॉफ लिहिले. मजकूर मांडणाऱ्या आज्ञांची खूण म्हणून तिथेही बॅकस्लॅशच होता. म्हणजे ज्या चिन्हाबद्दल लिहायचे, तेच चिन्ह लिहिण्याच्या साधनाने स्वतःसाठी राखून ठेवलेले.

रॉफमध्ये \" म्हणजे टिप्पणीची सुरुवात. तिथून ओळीच्या अखेरीपर्यंतचे काहीही छापले जात नाही. सुरुवातीच्या उदाहरणातला अर्धा संवाद असा गेला. \एन चे प्रकरण याहून फसवे. शेलमधली ओळ आहे प्रिंटएफ 'नमस्ते\एन'. रॉफमध्ये \एन म्हणजे 'पुढे ज्याचे नाव आहे त्या रजिस्टरमधला आकडा इथे छाप'. पुढे आहे मिटणारे अवतरणचिन्ह. रॉफ त्यालाच रजिस्टरचे नाव समजतो. त्या नावाचे रजिस्टर नसतेच, म्हणून किंमत शून्य. वाचकापुढे येते: प्रिंटएफ 'नमस्ते0. ही ओळ कोणी चालवली, तर शेल मिटणाऱ्या अवतरणाची वाट पाहत ताटकळतो.

दुरुस्ती सोपी आहे. छापील बॅकस्लॅश हवा असेल तिथे \ई लिहायचे, त्याच कुटुंबातल्या जीरॉफमध्ये \(आरएस हेही चालते. पुष्कळ जण \\ लिहितात. साध्या मजकुरात ते खपून जाते. पण मॅक्रोमधून, म्हणजे आज्ञांच्या साठवलेल्या गठ्ठ्यातून, गेले की दोनाचा एक होतो आणि उरलेला बॅकस्लॅश पुन्हा आज्ञा म्हणून वाचला जातो. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपने फाइलीतला एक बॅकस्लॅश शोधायचा, तर दुहेरी अवतरणात "\\\\" असे चार लागतात: शेल चाराचे दोन करतो आणि ग्रेप त्या दोनांचा एक समजतो. तीच ओळ मॅन पेजात लिहायची तर \ई\ई\ई\ई. मधला प्रत्येक वाचक आपला वाटा काढून घेतो.

बॅकस्लॅश नीट छापला गेला तरी उदाहरण सगळीकडे सारखे चालेलच असे नाही. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला इको \एन जसेच्या तसे दाखवायचा; सिस्टिम फाइव्हमधला नवी ओळ द्यायचा. आजही इको 'एक\एनदोन' ही आज्ञा नेहमीच्या मांडणीतल्या बॅश शेलवर एका ओळीत उमटते आणि डॅश शेलवर दोन ओळींत. पोझिक्स मानकाने इथे दोघांनाही मोकळीक दिली आणि लेखकांना प्रिंटएफ वापरण्याचा सल्ला दिला. हा सल्ला प्रत्येक दस्तऐवजात पाळावा असाच आहे.

मॅन पेज वाचणारा माणूस बहुधा अडलेला असतो. समोरची ओळ तो विश्वासाने उचलतो आणि आपल्या यंत्रावर चालवतो. त्यातला एक बॅकस्लॅश गळला, तर दोष आपल्या समजुतीत आहे असे त्याला वाटते. म्हणून शेलचे उदाहरण लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: मूळ फाइलीतले बॅकस्लॅश मोजून थांबू नका. पान वाचकाला दिसते तसे उघडा, उदाहरण तिथून उचला, शेलमध्ये चिकटवा आणि चालवून पाहा. ते चालले, तरच पान प्रसिद्ध करा.